मनगट तुमचं, पिस्तूल आमचं

अमेरिकेत मिक्सर बिघडला तर दुकानदार पावती बघतो. पिस्तूल बिघडलं तर गिऱ्हाइकाचा हात बघतो.

नवं कोरं पिस्तूल नेमबाजीच्या मैदानावर नेलं, चार गोळ्या झाडल्या, पाचवीला रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये अडकून उभी राहिली. मालक तणतणत दुकानात येतो. काउंटरपलीकडून ठरलेला प्रश्न येतो, “धरलं कसं होतंत?” मनगट सैल असलं की पिस्तूल अडकतं, हे निदान तिथे दरवाजाशीच मिळतं. त्यात तथ्य नाही असं नाही. स्लाइड मागे जायला पिस्तुलाची मूठ घट्ट धरलेली लागते. हातच मागे गेला तर स्लाइड अर्ध्यात थबकते. पण या निदानाचा खरा गुण वेगळाच आहे. ते पिस्तूल न उघडता, जागचं न उठता आणि फुकटात करता येतं. मनगट निर्दोष ठरलं तर तेल कमी पडलेलं असतं, किंवा जास्त झालेलं असतं. त्यातूनही सुटका झाली तर काडतुसं स्वस्तातली निघतात. एवढ्या परीक्षा पार करणाऱ्याला शेवटी कळतं, की पिस्तूल अजून रुळायचं आहे. आणखी काही शे गोळ्या झाडा, मग या. त्या गोळ्यांचे पैसे अर्थात त्यानेच भरायचे.

बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याचं पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये पारखलं तेव्हा त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या होत्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडकलं नाही. त्याच घराण्यातली आजची महागडी पिस्तुलं मात्र पहिल्या काही शे गोळ्यांपर्यंत नव्या सुनेसारखी सांभाळून घ्यावी लागतात.

मग प्रश्न येतो, घरीच उघडायचं की परत पाठवायचं?

दुकानदार बहुधा परत घेत नाही. एकदा उंबरा ओलांडला की पिस्तूल जुनं झालं, कंपनीशी बोला. कंपनीकडे पाठवायचं तर टपाल खातं आडवं येतं. सामान्य नागरिकाने टपालाने पिस्तूल पाठवायला अमेरिकी संसदेने १९२७ मध्येच बंदी घातली. म्हणजे कंपनीला फोन, कुरियरचं लेबल, आणि मग काही आठवडे वाट. दरम्यान ज्या चोराच्या भीतीने पिस्तूल घेतलं, त्याने तेवढे दिवस दम धरावा अशी अपेक्षा.

म्हणून बरेच जण स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं फडकं अंथरतात. स्प्रिंगा मागवतात, व्हिडिओ बघतात, नळीच्या मागच्या तोंडाशी, काडतूस आत शिरतं तिथे, पॉलिश मारतात. त्यातली एखादी स्प्रिंग उडून फ्रिजखाली जाते. चापाला हात लावला की कंपनी वॉरंटीतून अंग काढून घेते, आणि आता दोष मनगटाचा नव्हे तर अख्ख्या माणसाचा ठरतो. आपल्याकडे ही चैन नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय बंदूक विकणं आणि दुरुस्त करणं एकाच कलमात बसवलं आहे, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी भारतीय माणसाला वकील आठवतो.

पण सरकार काय करतं? गाडीचे ब्रेक सदोष निघाले तर अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या जातात. टोस्टर, पाळणे, शिड्या यांच्यासाठी ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आहे. १९७२ मध्ये तो स्थापन होत असतानाच बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. त्यासाठी झटणारे मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल हे बंदूकवाल्यांच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या संचालक मंडळावरही होते. घरचंच कार्य म्हणायचं. पुढे काही नागरिकांनी अर्ज केला, की बंदूक नाही तर निदान पिस्तुलाची गोळी तरी घातक पदार्थ माना. न्यायालयाने आयोगाला अर्ज विचारात घ्यायला सांगितलं. १९७६ मध्ये संसदेने गोळीही बाहेर काढली.

छर्‍याची बंदूक मात्र आयोगाच्या तावडीत राहिली. २००१ मध्ये त्याने डेझी कंपनीच्या सुमारे ७५ लाख हवेच्या बंदुकांविरुद्ध तक्रार दाखल केली, कारण छर्रा आतच अडकून राहतो आणि बंदूक रिकामी वाटते. पोराच्या बंदुकीची काळजी सरकारला, बापाच्या पिस्तुलाची बापाला.

त्यामुळे पिस्तूल परत बोलवायचं तर ते कंपनीच्या मर्जीवर. काही कंपन्या भल्या निघतात. रूगरने १९७३ च्या आधीच्या आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांना १९८२ पासून मोफत सुरक्षा यंत्रणा बसवून द्यायला सुरुवात केली. त्यांच्या घोड्याखालच्या खणात काडतूस असलं आणि घोड्यावर दणका बसला, तर गोळी सुटू शकते. म्हणून जाणते लोक सहा खणांत पाचच भरत. कंपनी काढलेले जुने भागही मालकाला परत देते. एवढं करूनही कित्येक रिव्हॉल्व्हर आलेच नाहीत. दुरुस्त केलेल्या रिव्हॉल्व्हरला संग्राहकांकडे किंमत कमी येते ना! धोका मूळचा असेल तर भाव चढा.

ब्राझीलच्या टॉरसची तऱ्हा न्यारी. आयोवातल्या एका पोलिसाचं पिस्तूल २०१३ मध्ये संशयिताचा पाठलाग करताना पडलं आणि त्यातून गोळी सुटली. तो कोर्टात गेला. तडजोडीत सुमारे साडेनऊ लाख पिस्तुलं आली. परत करणाऱ्याला जास्तीत जास्त दोनशे डॉलर. दोष आहे हे कंपनीने मान्य केलं नाही. दोष नसलेल्या मालासाठी एवढी दिलदारी व्यापारात क्वचितच दिसते. याच टॉरसने जिंदल समूहाबरोबर हरियाणात हिसारला कारखाना काढला आहे.

आणि मग सिग साउअरचं पी-३२०. याच पिस्तुलाच्या आवृत्तीला जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराचं कंत्राट मिळालं. पाडून बघण्याच्या चाचणीत ते सुटू शकतं हे लष्कराला दिसलं आणि लष्कराने आपल्यापुरता वजनाने हलका चाप बसवून घेतला. पेंटॅगॉनच्या चाचणी विभागाच्या अहवालात तशी नोंद आहे. नागरिकांना जुनाच चाप विकला जात राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये काही जणांनी स्वतःच पिस्तुलं जमिनीवर टाकून चित्रफिती दाखवल्या, तेव्हा कंपनीने ‘ऐच्छिक सुधारणा’ जाहीर केली. ऐच्छिक अशासाठी, की पिस्तूल ठीकच आहे, पण तुमची इच्छा असेल तर आम्ही ते आणखी ठीक करू. सुधारणेनंतरही पिस्तूल चाप न ओढता सुटल्याचे दावे होत राहिले. चाप ओढल्याशिवाय ते सुटत नाही, यावर कंपनी ठाम आहे. पुन्हा हातच!

२०२४ मध्ये जॉर्जियातल्या ज्युरीने एका जखमी मालकाला सुमारे २३ लाख डॉलर, तर फिलाडेल्फियातल्या ज्युरीने दुसऱ्याला एक कोटी दहा लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका नाही, हा मुद्दा या वादात वारंवार आला. तेव्हा दुरुस्तीचं मनावर घेतलं ते न्यू हॅम्पशायर राज्याने, जिथे सिगचं मुख्यालय आहे. मे २०२५ मध्ये तिथे कायदा झाला, की असा खटका बसवला नाही म्हणून राज्यातल्या कोर्टात बंदूक बनवणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. तो त्याच दिवसापासून लागू झाला. कुरियरचं लेबलही लागलं नाही.