हेडफोन-संमेलन : स्वरूप, साधने आणि आयोजन

एकट्याने ऐकण्यासाठी बनवलेली यंत्रे घेऊन अनेकांनी एका खोलीत जमणे, याला हेडफोन-संमेलन म्हणतात. लग्न, बारसे, हळदीकुंकू आणि सोसायटीची वार्षिक सभा या परिचित प्रकारांहून ते वेगळे असते. येथे उपस्थितांनी एकमेकांशी न बोलणे हेच कार्यक्रम रंगल्याचे लक्षण मानतात. प्रस्तुत लेखात पुण्यात भरणाऱ्या अशा संमेलनाचा क्रमवार विचार केला आहे. उदाहरणे बहुतांशी एकाच संयोजकाची आहेत. लेखकाचा त्याच्याशी लहानपणापासून परिचय असल्यामुळे ती विश्वसनीय मानण्यास हरकत नाही.

संमेलन भरवण्याची निकड साधारणपणे त्याला भासते, ज्याने ऐपतीबाहेरचा हेडफोन घेतला आहे आणि ज्याला घरात दाद मिळत नाही. हौसेने घेतलेल्या बहुतेक वस्तू आपोआप मिरवल्या जातात. गाडी दारात उभी राहते, पैठणी चारचौघींत नेसली जाते. हेडफोनचा मोठेपणा मात्र घालणाऱ्याच्या दोन कानांच्या मध्येच अडकून राहतो. पस्तीस हजारांचा हेडफोन आणि फुटपाथवरचा साडेतीनशेचा यांत पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. दिसलाच तर साडेतीनशेचा जास्त चकचकीत असतो. घरच्यांना ऐकवण्याचा मार्ग लवकरच बंद होतो. संयोजकाच्या आईने अर्ध्या मिनिटात तो काढून ठेवला आणि "छान आहे, पण कान गरम होतात रे" असा अभिप्राय दिला. अभिप्राय अचूक होता, पण संयोजकाला तो पुरला नाही. त्याला हवे होते, "डग्ग्याचा घुमारा काय मोकळा आलाय हो!" असे म्हणणारे माणूस. संमेलन या माणसाच्या शोधार्थ भरवले जाते.

पहिली पायरी जागेची. सोसायटीचा हॉल स्वस्त पडतो, पण त्यासाठी सेक्रेटरींची परवानगी लागते. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. "स्पीकर लावणार?" नाही. "माईक?" नाही. "जेवण?" फक्त चहा. "मग हॉल कशाला हवाय तुम्हाला?" या शेवटच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' अशी ओळ असते. तिथे 'संगीत' लिहिले की करमणुकीचा दर लागतो, 'ध्यानधारणा' लिहिले की हॉल फुकट मिळतो. मधल्या वेळात पाहणीला आलेल्या वॉचमनला डोळे मिटून निश्चल बसलेली माणसे दिसतात आणि तो चप्पल काढून दारातूनच परत जातो.

जागा शांत असावी लागते. याचे कारण हेडफोनच्या रचनेत आहे. 1968 मध्ये सेनहायझर या जर्मन कंपनीने एचडी 414 हा उघड्या पाठीचा हेडफोन बाजारात आणला आणि कानावरच्या वाट्यांची मागची बाजू बंदच हवी ही समजूत मोडली. पाठ उघडी असली की आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. मात्र आतले गाणे बाहेर जाते आणि बाहेरचे जग आत येते. पुण्यातल्या रविवार सकाळी बाहेरच्या जगात वरच्या मजल्यावरची ड्रिल, रद्दीवाल्याची ध्वनिमुद्रित हाक आणि पालिकेची घंटागाडी यांचा समावेश होतो. संमेलनात प्रत्येक जण आपापले गाणे ऐकत असतो. सर्वांनी एकाच वेळी ऐकलेले गाणे घंटागाडीचे असते.

साधनांची यादी लांबलचक असली तरी तिचे मर्म विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डांत आहे. फोनला 16 ते 32 ओहमचे हेडफोन सहज झेपतात. एचडी 600 सारख्या 300 ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून ॲम्प्लिफायर आणि त्याला प्लग आला. स्टॅक्स या जपानी कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनांत कानापासून बोटभर अंतरावर 580 व्होल्टचा दाब असतो. करंट नगण्य असल्यामुळे धोका नाही, असे मालक सांगतो. ऐकणारा तरीही पहिले गाणे ताठ मानेने ऐकतो. याखेरीज स्वच्छतेचा प्रश्न आहे. मखमली गाद्यांचे हेडफोन डोक्यांवरून डोक्यांवर फिरतात आणि डोक्याला रविवारी सकाळी खोबरेल चोपडलेले असण्याची शक्यता पुण्यात बरीच. संयोजकाने "कृपया तेल लावून येऊ नये" अशी सूचना निमंत्रणात घातली होती. तिच्यामुळे दोन ज्येष्ठ सभासद कायमचे दुरावले.

यानंतर पिनेचा विचार करावा लागतो. तो थोडक्यात करता येत नाही.

मोठ्या हेडफोनच्या वायरीच्या टोकाला असणारी पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरची पिन ही आजच्या ध्वनियंत्रांतल्या सर्वांत वयस्क वस्तूंपैकी एक आहे. तिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमधला. 1878 मध्ये अमेरिकेत व्यापारी तत्त्वावर पहिले एक्स्चेंज सुरू झाले. मुंबईत ते 1882 मध्ये आले. अशा पिनेचे काम साधे होते: एका ग्राहकाची दोरी दुसऱ्याच्या भोकात खोचायची आणि दोघांना बोलते करायचे. अमेरिकेत सुरुवातीला या कामावर पोरसवदा मुले असत. ती ग्राहकांना उलट बोलत, शिव्याही देत. म्हणून 1878 च्या सप्टेंबरात बॉस्टनमध्ये एमा नट या बाईंना नेमण्यात आले आणि पुढे हे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे गेले. पुढे 3.5 मिलिमीटरची धाकटी पिन आली आणि ट्रान्झिस्टरबरोबर महाराष्ट्रात घरोघर पोचली. कसोटी सामन्याच्या दिवशी टेबलाच्या खणात ट्रान्झिस्टर ठेवून शर्टाच्या बाहीतून वायर काढलेला कारकून हा त्या काळच्या कचेऱ्यांचा अविभाज्य घटक होता. त्याच्या एका कानावर अख्खे खाते सामना ऐके. विकेट पडली की तो फाइलवरची नजर न काढता एक बोट वर करी आणि ते बोट साहेबांच्या केबिनमधूनही दिसे.

सोनीचा पहिला वॉकमन 1979 चा. त्याला हेडफोनची दोन भोके होती. कंपनीचे अकिओ मोरिता यंत्राचा नमुना घरी नेऊन ऐकत बसले, तेव्हा त्यांच्या पत्नीला आपण बाहेर राहिलो असे वाटून राग आला. एकट्याने ऐकणे असभ्य दिसेल, असा विचार मोरितांनी केला आणि दुसरे भोक ठेवायला लावले. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे दबायचे आणि छोट्या माइकमधून दोघांना बोलता यायचे. ग्राहकांनी मात्र प्रत्येकी एक वॉकमन घेणे पसंत केले आणि ही सोय पुढच्या यंत्रांतून गळत गेली. 2016 मध्ये आयफोन 7 निघाला, त्यात हेडफोनचे एकही भोक नव्हते.

संमेलनात आज 2.5, 3.5, 4.4 आणि 6.35 मिलिमीटर अशा चार मापांच्या पिना येतात आणि कोणाचीच दुसऱ्याच्या यंत्रात बसत नाही. संयोजकाकडे या चारही मापांचे जोड एका शिवणाच्या डब्यात लावून ठेवलेले आहेत. तो डबा उघडताना त्याच्या चेहऱ्यावर येणारे भाव शल्यविशारदाला शोभतील. फक्त एकाच गाण्याला दोघांना जोडणारा वाय आकाराचा जोड त्यात नाही. तो किरकोळ किमतीत मिळतो. कोणी मागितलाच तर जाणकार सांगतात की, दोन हेडफोन एका ॲम्पवर समांतर जोडले की भार वाढतो आणि दोघांना सारखा आवाज मिळत नाही. हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. तरीही दोन माणसे एका टेबलाशी समोरासमोर बसून, आळीपाळीने एकच हेडफोन डोक्यावर चढवत, "आता तुम्ही ऐका, आता मी" करताना पाहिली की मोरितांच्या पत्नीचा राग रास्त होता असे वाटू लागते.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचा आरंभ प्रास्ताविकाने होतो. संयोजकाने ते आठवडाभर घोटलेले असते. 1910 मध्ये नॅथॅनिएल बाल्डविन यांनी युटामधल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून अमेरिकी नौदलाला कसे विकले, इथपासून 1958 मध्ये जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन कसा आणला, इथपर्यंत त्यात सारे असते. श्रोते तल्लीन होऊन माना डोलावतात. माना एका ठेक्यात डोलत आहेत आणि सर्वांच्या कानांवर हेडफोन आहेत, हे वक्त्याच्या लक्षात बहुधा कॉसपाशी येते. भाषण तरीही पूर्ण करण्याची प्रथा आहे.

त्यानंतर श्रवण. सोबत कोणते गाणे आणावे याबद्दल दोन पंथ आहेत. पहिल्याकडे ईगल्सच्या 1994 च्या कार्यक्रमातले 'हॉटेल कॅलिफोर्निया' असते. ते त्यांना आवडतेच असे नाही. ते वाजवून पाहायचे असते. दुसरा पंथ बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या मानतो. 1925 च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत गायक भोंग्यासमोर गात आणि तार सप्तकापलीकडचे सूक्ष्म ध्वनी त्यात जवळजवळ उतरतच नसत. त्यामुळे 40,000 हर्ट्झपर्यंत पोचणाऱ्या यंत्रातून प्रामुख्याने खरखर अतिशय स्पष्ट ऐकू येते. या पंथाचे डोळे मात्र पहिल्याच आलापीला पाणावतात, तर पहिला पंथ शेवटपर्यंत कोरडा राहतो. दोन्ही पंथांना समान असलेला दोष म्हणजे, गाण्याचा मुखडा संपायच्या आत समोरच्याच्या खांद्याला हात लावून "कसं वाटलं?" विचारणे. या सवयीला क्षमा नसावी. ज्याला ऐकवायचे त्याला ऐकू न देणे हा मेहनतीने जमवलेल्या श्रोत्याचा अपव्यय आहे.

तुलना करताना दोन्ही यंत्रांचा आवाज मापून सारखा करून घ्यावा लागतो. किंचित मोठा वाजणारा हेडफोन कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. याच गुणावर दुकाने चालतात. खरी परीक्षा पडद्याआडची. एका संमेलनात तांब्याची आणि चांदीची अशा दोन वायरी कापडाखाली ठेवल्या होत्या. संयोजकाने डोळे मिटून चांदीचे वर्णन केले: तारेत चांदणे पडते, तंबोऱ्याच्या जवारीला धार येते. कापड काढले तेव्हा जोडलेली वायर तांब्याची निघाली. परीक्षेची पद्धत सदोष आहे, असे मत त्याने दिले. ते अद्याप मागे घेतलेले नाही.

शेवटचा भाग श्रवणचाचणीचा. माणसाचा कान 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकतो हे पुस्तकी माप तरुण कानाचे आहे. वय वाढते तशी वरची बाजू झिजते, कारण अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. चाचणीत चढत जाणारा एकच सूर वाजवतात. ऐकू येणे थांबले की हात खाली घ्यायचा. बारा हजारांपाशी संयोजकाने हात खाली घेतला, तोही आधी शेजारी कोणी घेतला का ते पाहून. चौदा हजारांनंतर एकच हात वर होता. घराला कुलूप म्हणून वडिलांबरोबर आलेल्या, चित्रे रंगवत बसलेल्या मुलीचा. दुसऱ्या हातात खडू तसाच होता. "अजून वाजतंय काका. खरंच वाजतंय," ती म्हणाली. खोलीतली सर्वांत महाग यंत्रे ज्या पट्टीसाठी घेतली होती, ती पट्टी त्या खोलीत फक्त तिला ऐकू येत होती. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण कानांनाही लागू आहे.

वयाला इलाज नाही, गोंगाटाला आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीला टेकून झोपलेले तान्हे मूल पाहिलेल्याने हा हिशेब एकदा मनाशी करून पाहावा. तो करताना फार चिडता येत नाही, कारण तोच हिशेब रात्री उशीपाशी आवाज चढवत नेणाऱ्या हेडफोनलाही लागतो आणि तिथे वर्गणी आपणच भरलेली असते.

संमेलनाचे फलित निश्चित असते. प्रत्येकाने येताना आणलेला हेडफोन त्याला जाताना कमी आवडतो. पंधरवड्यात जुन्यांची विक्री आणि नव्यांची खरेदी होते. कुरियर ऑफिसच्या पत्त्यावर येते, खोके ऑफिसातच राहते आणि वस्तू घरी पिशवीतून नेली जाते. तरीही ती दिसतेच, आणि घरून "आधीच्यात काय वाईट होतं?" असे विचारले जाते. हा प्रश्न तांत्रिक स्वरूपाचा नसल्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही.