गळतीचा निपटारा

सरकारी कार्यालयात पावसाचे पाणी गळू लागले की सर्वांत आधी कामाला लागते ती बादली, आणि प्रशासनाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे आजवर केलेले दुर्लक्ष अक्षम्य म्हटले पाहिजे. कारण प्रस्ताव, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश एवढ्या पायऱ्या चढल्याखेरीज गच्चीवर गवंडी पाऊल ठेवू शकत नाही, बादली मात्र कोणाच्याही सहीविना नेमक्या थेंबाखाली रुजू होते.

गळतीचा उगम आणि तिचे दर्शन एका जागी घडत नाही, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात उतार देऊन बसवलेला गच्चीवरील जलरोधक थर, तडकला की पाणी त्याखाली साठते, स्लॅबमधील वाट शोधत सरकते आणि विजेच्या तारांसाठी आत पुरलेली नळी सापडल्यास तिच्यातून थेट पंख्याच्या हुकापाशी बाहेर पडते. सार्वजनिक बांधकाम विभागात इमारत सांभाळणारी स्थापत्य शाखा आणि दिवे-पंखे सांभाळणारी विद्युत शाखा वेगवेगळ्या असल्याने हे पाणी पंख्याचे की स्लॅबचे, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. पाणी विद्युत साहित्यातून येत असल्याचे स्थापत्य शाखा कळवते, आपण पाणी पुरवत नसल्याचे विद्युत शाखा कळवते, आणि दोन्ही पत्रे शब्दशः खरी असल्यामुळे त्यांपैकी एकही खोडून काढता येत नाही.

मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून असल्याचे हवामान खात्याने जाहीर केलेले असले, तरी कार्यालयांना पाऊस दरवर्षी अनपेक्षितच असतो. पाऊस चालू असताना गच्चीचे काम करता येत नाही, हे बरोबर आहे. पाऊस थांबल्यावर गळती दिसत नाही, हेही बरोबर आहे. आणि या दोन सत्यांच्या मध्ये जी फट उरते तिच्यातून सगळी दुरुस्ती वाहून जाते. जुलैत पाठवलेल्या पत्रावर जानेवारीत पाहणी होते, तीत गळती आढळत नाही, तथापि ३१ मार्चपूर्वी निधी खर्ची न पडल्यास तो व्यपगत होणार असल्याने, म्हणजे परत जाणार असल्याने, छताला खालून रंग दिला जातो. त्या रंगामागे सळई गंजत असते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असल्याने काँक्रीट आतून फुटत असते, आणि पुढच्या पावसाळ्यात रंगासह ढलपा टेबलावर उतरतो. रंग चांगल्या प्रतीचा असतो, एवढे मान्य केलेच पाहिजे.

हे भाग्य केवळ तालुका कचेऱ्यांच्या वाट्याला येते असे नाही. एरवी मुंबईत भरणारे विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन २०१८ साली नागपुरात भरले, आणि ६ जुलै रोजी मुसळधार पावसाचे पाणी विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत शिरल्याने वीज गेली व सभागृहाचे कामकाज दिवसभरासाठी थांबवावे लागले. तुंबलेल्या गटारातून बाटल्या निघाल्याच्या बातम्याही मागाहून आल्या. तातडीच्या सार्वजनिक बाबीवर चर्चा व्हावी म्हणून नियोजित कामकाज बाजूला ठेवण्याची मागणी सदस्य करतात, तिला स्थगन प्रस्ताव म्हणतात आणि ती बहुधा फेटाळली जाते. पाण्याने मांडलेला स्थगन प्रस्ताव मात्र त्या दिवशी चर्चेविना, मतदानाविना आणि सत्ताधारी व विरोधक असा भेद न करता मंजूर झाला. राज्यातील गटारांसाठी निधी मंजूर करणारे सभागृह दारातल्या गटारापुढे नमले, यात लोकशाहीचा पराभव शोधण्याचे कारण नाही. गटाराला प्रथमच प्रतिनिधित्व मिळाले, असेही म्हणता येईल.

दिल्लीत २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनाची लॉबीही १ ऑगस्ट २०२४ च्या सुमारास गळली. काचेच्या घुमटाच्या सांध्यातील चिकट द्रव्य किंचित सरकल्याचा खुलासा लोकसभा सचिवालयाने केला, तर प्रसृत झालेल्या चित्रफितीत लॉबीत ठेवलेली निळी बादली देशाने पाहिली. तालुक्याची बादली आणि संसदेची बादली यांत आकाराचाही फरक दिसला नाही, ही समतेच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होय.

सर्वाधिक विचार करण्याजोगी आहे ती अभिलेख कक्षाची, म्हणजे जुने कागद ठेवण्याच्या खोलीची, स्थिती. कारण जेथे कर्मचारी बसायला तयार नसतात अशीच ओलसर खोली बहुधा तिच्या वाट्याला येते. महाराष्ट्रात अ वर्गाचे कागद कायम, ब वर्गाचे ३० वर्षे आणि ड वर्गाचे एक वर्ष जपायचे असतात, परंतु पाणी ही वर्गवारी मानत नाही आणि एका पावसाळ्यात सर्व वर्गांचा सारखाच लगदा करते. मागील गळतीचा प्रस्तावही त्याच गठ्ठ्यात असल्याने तो आढळून येत नसल्याचे यथावकाश कळवले जाते, आणि सुधारित दरसूचीनुसार, गळतीच्या छायाचित्रांसह, नव्याने अंदाजपत्रक सादर करण्याची सूचना कार्यालयप्रमुखांना फेब्रुवारीत दिली जाते.