बदला तो प्रशिक्षक!

चेंबूरच्या डायमंड गार्डनमधल्या बाकावर निकाल कधीच लागलाय: मुंबई इंडियन्स जिंकली की श्रेय आपल्या अणुशक्तीनगरच्या सूर्यकुमारचं, हरली की खापर प्रशिक्षकाच्या डोक्यावर. आता हिशेब बघा. २०२२, महेला जयवर्धने: ४ विजय, १० पराभव, नंबर शेवटचा. त्यांना जागतिक पदावर बढती देऊन मार्क बाउचरना आणलं. २०२४: ४ विजय, १० पराभव, नंबर शेवटचा. मग बाउचर गेले, आले कोण? जयवर्धनेच! २०२२नंतर दोघांच्या बऱ्या हंगामांतही, २०२३ आणि २०२५ला, गाडी अडकली ती क्वालिफायर टूलाच. तरी बाकावरचे काका ठाम: "प्रशिक्षक बदला!" बरोबरच आहे. अकरा जणांना हलवण्यापेक्षा एकाला हलवणं सोपं. शिवाय त्याच्यासाठी लिलावात बोलीही लावावी लागत नाही.