चाळिशीतलं लग्न

सुरुवातीलाच खुलासा करतो. नवरी एकोणतीस वर्षांची आहे आणि नवरा तिच्याहून चार महिन्यांनी लहान. शीर्षकातली चाळिशी पाहुण्यांची आहे. दोन्हीकडची मिळून, गुरुजींसकट, चाळीस माणसं.

"मामा, मला अगदी छोटं, इंटिमेट लग्न हवंय," असं भाची मिलानहून फोनवर म्हणाली, तेव्हा स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, "म्हणजे किती? दोनशे?"

माझ्या लग्नाला सातशे माणसं होती. त्यांतल्या दीडशेंना मी ओळखत होतो. मला ओळखणारे त्याहून कमी असावेत, कारण तिघांनी आहेराचं पाकीट माझ्या मेहुण्याच्या हातात ठेवून त्यालाच 'नांदा सौख्यभरे' म्हटलं. अशा घराण्यातली मुलगी चाळीस माणसांत लग्न करायचं म्हणते, तेही इटलीत, फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या क्यांतीच्या टेकड्यांवर, एका जुन्या दगडी व्हिलात, ऐन ऑक्टोबरात.

दोष कुणाला द्यायचा हे ताईनं ठरवूनच ठेवलं होतं. २०१७च्या डिसेंबरात विराट-अनुष्कानं तोस्कानात लग्न केलं आणि २०१८च्या नोव्हेंबरात दीपिका-रणवीरनं कोमो सरोवराकाठी. "त्यांच्यामागे फोटोवाले लागतात, म्हणून ते लपून करतात. तुझ्यामागे कोण लागलंय?" भाची म्हणाली, "नातेवाईक." यावर ताईला काही सुचलं नाही. तिनं फोन माझ्याकडे दिला.

आणि इथे मी अडकलो. गुरुजी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असा पुकारा करतात, तेवढ्या दोन मिनिटांपुरतं मामाला लग्नात महत्त्व असतं. पण मी एकदा बारा दिवसांची युरोप सहल केलेली. पिसाचा मनोरा हातानं तोलून धरल्याचा माझा फोटो ताईच्या दिवाणखान्यात आहे. एवढ्या पात्रतेवर या कार्याची इटलीकडची सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

पहिलं काम यादीचं. ताईनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर यादी केली. ती ३१२वर थांबली, कारण पानं संपली. "यात फक्त ज्यांना वगळलं तर तोंड दाखवता येणार नाही तेवढेच आहेत," असं तिचं म्हणणं. भाचीनं नियम घातला : गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी बोलणं झालं नाही, ते बाद. ताई म्हणाली, "अगं, मग त्यांनाच बोलवायला हवं. बोलणं व्हावं म्हणून तर लग्नं करतात." निफाडच्या आत्यांनी निरोप पाठवला, 'मला नाही बोलावलं तरी चालेल.' ज्याला मराठी कळतं त्याला कळेल की त्या क्षणी आत्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्या. मुलाकडचे अमरावतीचे, म्हणजे आमचं वऱ्हाड अक्षरशः वऱ्हाडातून निघणार. व्याह्यांना विचारलं, "तुमची किती?" ते म्हणाले, "वीस तर वीस, काही हरकत नाही. वीस कुटुंबंच ना?"

महिनाभर खोडाखोड करून यादी बावन्नवर आली आणि तिथे रुतली. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे बावन्न पात्रं उभी करत. मला बावन्न पात्रं चाळीस पलंगांवर आडवी करायची होती.

दुसरं काम तारखेचं. इटलीतला शरद म्हणजे सोन्याचा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी, त्यामागोमाग ऑलिव्हची, रानात अळंबी, टेकड्यांवर सकाळचं धुकं. आपल्याकडे तेव्हा काय असतं? गणपती गेले की पितृपक्ष, पितृपक्ष उठला की नवरात्र, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं थांबलेली. नाशिकच्या गुरुजींनी पंचांग चाळून दसरा-दिवाळीच्या मध्ये एक काढीव मुहूर्त दिला. दुपारी बारा सतरा. ऑक्टोबरात इटली आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे तिथे सकाळी पावणेनऊला नवरी बोहल्यावर हवी. फोटोग्राफरनं हात जोडले. त्याला सूर्यास्ताआधीची तासाभराची पिवळी तिरपी उन्हं हवी होती. शेवटी गुरुजींनी विचारलं, "त्या वेळी गुरं घरी येतात का?" म्हटलं, असतील येत, तिथली क्यानिना जातीची पांढरी गुरं जगप्रसिद्ध आहेत. "मग गोरज धरा." अशा रीतीनं फ्लोरेन्सचा फोटोग्राफर आणि नाशिकचे गुरुजी यांचं एकमत झालं. त्यानंतर त्यांचं कशावरही झालेलं नाही.

मला वाटलं, तिथल्या वेडिंग प्लॅनर बाई हे सगळं ऐकून हसतील. त्यांनी गंभीरपणे एवढंच विचारलं, "वार कोणता?" मंगळवारी आणि शुक्रवारी लग्न करू नये, प्रवासालाही निघू नये, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. बाईंचा स्वतःचा विश्वास नव्हता, पण आईचा होता. हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. बहुधा स्वतःच्याच तोंडून.

तिसरं काम कायद्याचं. इटलीत कायदेशीर लग्न करायचं तर 'नुल्ला ओस्ता' लागतो, म्हणजे आमच्या माणसाच्या लग्नाला अडथळा नाही असा आपल्या वकिलातीचा दाखला. त्यावर १६ युरोंचा स्टॅम्प, भाषांतर, दुभाषा. शिवाय व्हिलाला नगरपालिकेनं लग्नापुरता पालिकेच्या इमारतीचा दर्जा दिलेला हवा. एवढं जमलं तर महापौर किंवा त्यांचा माणूस हिरवा-पांढरा-लाल पट्टा लावून येतो आणि दिवाणी संहितेतली १४३, १४४ आणि १४७ ही कलमं मोठ्यानं वाचतो : एकमेकांशी एकनिष्ठ राहा, मदत करा, एकत्र राहा, संसाराचे निर्णय दोघं मिळून घ्या, मुलांना नीट वाढवा. ताई म्हणाली, "तीनच? आपल्याकडे सात पावलं." भाऊजी म्हणाले, "उरलेली चार तिथल्या बायका घरी गेल्यावर सांगत असतील."

कागदांचा तो डोंगर पाहून ठरलं की सही नाशकात करायची आणि सोहळा तिथे. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकानं आधी ३० दिवस त्या जिल्ह्यात राहायचं, मग नोटीस द्यायची, आणि ती ३० दिवस कचेरीत सगळ्यांना वाचायला लावलेली राहते. कुणाला कळू नये म्हणून जे लग्न इटलीत न्यायचं, त्याची जाहिरात नाशिकच्या भिंतीवर महिनाभर! भाचीनं कपाळाला हात लावला. ताई मात्र खुलली. मुलगी महिनाभर घरी येणार. त्याच रात्री तिनं केळवणांची यादी केली. २६ झाली.

व्हिसाची कथा थोडक्यात सांगतो. माणशी ९० युरो शुल्क, निदान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, आणि सहा महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. आत्यांना परत येण्याचा पुरावा मागितला तेव्हा त्यांनी सात-बारा काढला. "एवढी द्राक्षं टाकून मी तिथे राहीन होय?"

द्राक्षं त्याआधीही आमच्या वाटेत आली होती. लग्नाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात ताई, भाऊजी, भाची आणि मी जागा पाहायला गेलो. फ्लोरेन्स-सिएना अंतर सत्तरेक किलोमीटर, पण व्हिलाकडे जाणारे शेवटचे तीन पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्याचे. त्यावर मोठी बस चढत नाही. दुतर्फा सायप्रसची सुळक्यासारखी झाडं. भाऊजी निफाडचे बागायतदार. त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि द्राक्षवेलींच्या रांगा बघत उभे राहिले. कमरेएवढ्या उंचीवर तारांना बांधलेल्या वेली, सांजोवेझे जातीचे काळे बारीक मणी. बराच वेळ पाहून म्हणाले, "ह्यांच्या द्राक्षालाच मांडव नाही. लग्नाला काय घालणार?"

व्हिलाची मालकीण सत्तरीतली सिन्योरा. दारात उभी, कमरेला एप्रन, चेहऱ्यावर आमच्या आत्यांचा भाव : म्हणजे पाहुणे आलेत याचा आनंद आणि उशिरा आलेत याची नोंद. प्लॅनर बाई दुभाषा झाल्या. वाइनच्या बाटलीवरचा काळा कोंबडा दाखवून सिन्योरानं त्याची दंतकथा सांगितली. फ्लोरेन्स आणि सिएनाचा हद्दीचा तंटा होता. ठरलं असं की कोंबडा आरवला की दोन्ही गावांहून एकेक घोडेस्वार निघेल आणि जिथे भेटतील तिथे सीमा. सिएनानं पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून पाळला. फ्लोरेन्सनं काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो भुकेनं अपरात्रीच आरवला, आणि फ्लोरेन्सचा स्वार सिएनाच्या वेशीपासून बारा किलोमीटरवर जाऊन पोचला. भाऊजी खूश झाले. बांधाचं भांडण त्यांना कुठल्याही भाषेत कळतं. मी मनात म्हटलं, मुहूर्त आपल्याला हवा तसा काढून घेण्याची विद्या यांनाही येते.

मग जेवण. आधी पाव आला, त्यात मीठ नाही. तोस्कानाचा पाव अळणीच. म्हणे कधीकाळी पिसानं मीठ अडवलं, म्हणून यांनी मिठाशिवाय पाव करायला घेतला आणि भांडण मिटलं तरी सवय मोडली नाही. ताईनं पानाच्या डाव्या बाजूला बोट टेकवून मीठ मागितलं. सिन्योराला बोटाचा अर्थ कळला नाही, पण मीठ आलं. मग 'पांझानेल्ला' आली. शिळा पाव भिजवून कुस्करलेला, त्यात कांदा, टोमॅटो, ऑलिव्हचं तेल. ताईनं घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "ही तर पोळीचा कुस्करा. एवढे पैसे घेऊन शिळंच वाढतात?" पण दुसऱ्यांदा तिनंच घेतली. आत्यांसाठी शाकाहाराची चौकशी केली तेव्हा कळलं की पार्मिज्यानो चीजला विरजण लागतं ते वासराच्या जठरातलं. हे आत्यांना कुणी सांगायचं नाही, की चीज वाढायचंच नाही, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. शेवटी गोड वाइनमध्ये बुडवून खायची बदामाची कडक बिस्किटं आली. भाऊजी वाइनला शिवत नाहीत. त्यांनी चहा मागवून त्यात बुडवली. खारीची सर नाही म्हणाले.

पुढे चर्चा शास्त्राची. होम म्हटल्यावर प्लॅनर बाई सावध झाल्या. उन्हाळ्यात उघड्यावर जाळ करायला बंदी असते, ऑक्टोबरात बघता येईल, पण जाळ केवढा? ताईनं हातांनी परात दाखवली, मी बशी दाखवली. अक्षतांबद्दल भीतभीत विचारलं, तर सिन्योरा म्हणाली, तांदूळ ना? आम्हीही नवराबायकोवर तांदूळच उधळतो. मग तिनं कपाटातून जाळीची एक छोटी पुरचुंडी आणली. आत साखरेत घोळवलेले पाच बदाम. पाहुण्यांना पाचच द्यायचे, कारण पाचाचे दोन सारखे भाग होत नाहीत. ताईनं पर्समधून आहेराचं पाकीट काढून वर चिकटवलेला रुपया दाखवला. पाचशेला एक जोडतो तो याचसाठी. दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, की माहेर एकच निघालं.

भाचीला पावसाची काळजी होती. सिन्योरा म्हणाली, पडू दे, भिजलेली नवरी भाग्यवान असते. ताई म्हणाली, "आमच्याकडे नवरीनं लहानपणी पातेल्यातली खरवड खाल्ली की लग्नात पाऊस येतो. हिनं बासुंदीचं एक पातेलं सोडलेलं नाही." भाषांतर झालं. सिन्योरानं भाचीचा गालगुच्चा घेतला.

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. "माणसं किती?"

भाचीनं अभिमानानं सांगितलं, "चाळीस."

सिन्योराचा चेहरा पडला. ती प्लॅनर बाईंशी हलक्या आवाजात बोलली. बाई अवघडल्या. मग म्हणाल्या, "त्या विचारताहेत, घरात अलीकडे कुणी गेलं का?"

भाची काही बोलायच्या आत ताईनं पर्समधून यादी काढून टेबलावर पसरली. बावन्न नावं, बारांवर लाल रेघ. सिन्योरानं चाळिशी लावली. नावं तिला वाचता येईनात, पण लाल रेघा जगात सगळीकडे सारख्याच दिसतात. एकेका रेघेवर बोट ठेवून ती विचारत गेली, ताई सांगत गेली : ही जाऊ, ही चुलतजाऊ, हा व्याह्यांचा मावसभाऊ, रुसला तर वीस वर्षं रुसतो. प्रत्येक नावाला सिन्योरा मान हलवत होती. तिच्याकडेही असा एक असावा.

"पण इथे झोपायची सोय चाळिसांचीच आहे," भाचीनं शेवटचा अडसर घातला.

सिन्योरानं खिडकीतून खालच्या गावाकडे हात केला. ते तिच्या बहिणीचं घर, दोन खोल्या. चर्चशेजारी भाचा राहतो, तिथे चार जण. बेकरीच्या वरचा मजला रिकामाच असतो. बारा म्हणजे काहीच नाही. तिच्या लग्नात म्हणे नवऱ्याकडची तीस माणसं अशीच घरोघर उतरली होती.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या आईच्या लग्नात वऱ्हाड पाटलांच्या ओसरीवर, सोनारांच्या माडीवर आणि शाळेच्या दोन वर्गांत उतरलं होतं. आई शेवटपर्यंत ते सांगायची. "जानवसघर," ताई मला म्हणाली. प्लॅनर बाईंनी शब्दाचा अर्थ विचारला. मी खिडकीतून बेकरीकडे बोट दाखवलं.

भाचीनं हात टेकले. "ठीक आहे. बावन्न. पण त्यापुढे एकही नाही."

सिन्योरानं पेन मागून घेतलं आणि यादीच्या तळाशी, मोत्यासारख्या अक्षरांत, स्वतःचं नाव लिहिलं. मग क्षणभर विचार करून बहिणीचं.