पाच तोळ्यांची गोळी

हत्तीच्या शिकारीची बंदूक घडवून घ्यायची तर लंडनला जाऊन आधी स्वतःची मापं द्यायची, अशी जुनी रीत. बिजागऱ्या आणि स्क्रू लावलेली एक खास बंदूक गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावतात. हात किती लांब, मान केवढी, गाल कुठे टेकतो, सगळं टिपून घेतात. हत्तीचं माप मात्र कोणी विचारत नाही.

मग अक्रोडाचं लाकूड निवडायचं. दस्ता बसवणारा कारागीर लोखंडी भागांना दिव्याची काजळी फासतो, ते लाकडात दाबतो आणि उचलून पाहतो. जिथे काळं लागलं तिथे लाकूड अडतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. लोखंड नि लाकूड यांच्यात केसाएवढीही फट राहू नये म्हणून हा खटाटोप. दुनळी असेल तर आणखी कसरत. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर जवळजवळ एकाच जागी लागायला हव्यात. त्यासाठी बार काढून बघायचा, तोंडाशी झाळलेल्या नळ्या तापवून मधली पाचर किंचित सरकवायची आणि पुन्हा बार काढायचा. हे खांद्यानं सोसायचं काम करणाऱ्याबद्दल मला हत्तीइतकीच सहानुभूती वाटते.

कारण गोळी साधीसुधी नसते. विसाव्या शतकाच्या तोंडावर निघालेल्या ६०० नायट्रो एक्सप्रेस या काडतुसाची गोळी ९०० ग्रेनची. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे गोळी पाच तोळ्यांची झाली. एवढ्या सोन्यात आपल्याकडे एक लग्न निभावतं. त्याची बंदूक भरते सात किलोंच्या आसपास, त्यामुळे मापं एकाची आणि ओझं नोकराच्या खांद्यावर, अशीच वाटणी बहुधा असे.

या धंद्याला हिंदुस्थानानंही हातभार लावला आहे. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारनं इथे ४५० बोअरवर बंदी घातली. सरकारी मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोअरच्या. दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल ही धास्ती. लंडनच्या कारागिरांनी कायद्याला नमस्कार केला आणि ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी रांगच लावून दिली. भोक थोडं वाढवलं की कायदा संपला. हत्तीला हा फरक कळला असेल असं वाटत नाही.

त्यातही गंमत अशी, की डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानं आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे २७५ बोअरनं. तिची गोळी १७३ ग्रेनची, पुरती तोळाभरही नाही. त्यानं हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवलं होतं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळाली तीही रिग्बी या बंदूककारांची २७५च. अर्थात दाट झाडीतून हत्ती अंगावर धावून आला, तर बेलसारखं स्थिर चित्त कुणी काडतुसात भरून देत नाही. तिथे वजनच कामी येतं. मोठी बंदूक बेतलेली असते ती भीतीच्या मापावर, आणि हे माप दर माणसागणिक वेगळं.

हौसेचं माप त्याहून मोठं. हॉलंड अँड हॉलंडनं आपली ‘शेवटची’ ६०० विकून टाकल्यावर एका अमेरिकन संग्राहकाला तीच हवी झाली. दुकानानं शब्द दिलेला, मोडायचा कसा? त्यातून १९८८ साली ७०० नायट्रो एक्सप्रेस जन्माला आली, गोळी हजार ग्रेनची, साडेपाच तोळ्यांची. दुकानदारानं शब्दही राखला आणि गिऱ्हाईकही. या व्यवहारात हत्तीचा काही संबंध आला असेल, असं दिसत नाही.