कळंबचा उलटा ‘क’

१९९९ साली अमेरिकेत ब्रुकहेवनला जिआनवेई मियाओ आणि मंडळींनी सोन्याच्या ठिपक्यांनी लिहिलेल्या अक्षरांवर १.७ नॅनोमीटरचे क्ष-किरण सोडले. भिंग नाहीच. पलीकडे पडलेली विवर्तनाची नक्षी टिपली आणि संगणकाकडून अक्षरं परत काढून घेतली. हे वाचून गप्प बसेल तो शहाणा. मी कळंबात बसलो होतो, पण गप्प नाही.

घरातलं सोनं बायकोच्या गळ्यात, म्हणून उदबत्तीच्या पुड्यातली चांदी घेतली, सुईने टोचून ‘क’ काढला आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारला. भिंतीवर नुसता पांढरा डाग! टॉर्चच्या उजेडात रंग अनेक, शिवाय तो निघतो रुंद तुकड्यातून. प्रत्येक बिंदूची नक्षी जराशी सरकून दुसरीवर पडते आणि पट्टे पुसले जातात. भजनात दर टाळकऱ्याने आपापली लय धरावी, तसं. टॉर्चपुढे बारीक भोक धरलं की शिस्त येते, पण उजेडच उरत नाही. क्ष-किरणवाल्यांचंही दुखणं हेच.

मग भाच्याचा जत्रेतला लाल लेसर मागितला. नक्षी उमटली! आई म्हणाली, “अरे, भिंतीवर पान खाऊन कोण थुंकलं?”

आता सॅम्पलिंग. वस्तू जितकी मोठी तितके पट्टे बारीक, आणि सगळ्यांत बारीक पट्ट्यावरही कॅमेऱ्याचे निदान दोन पिक्सेल पडायला हवेत. कॅमेरा उजेडाच्या लाटेचा जोर टिपतो, फेज, म्हणजे लाट चढावर आहे की उतारावर, ते टिपत नाही; ती संगणकाने हुडकायची, तर एवढं तरी हाताशी पाहिजे. माझा ‘क’ चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यात भाच्याने फोटो पाठवला व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि व्हॉट्सअ‍ॅपने नेमके बारीक पट्टेच गिळले.

‘क’ लहान केला, फोटो केबलने घेतला, प्रोग्रॅम रात्रभर चालवला. सकाळी पडद्यावर एक सुलटा ‘क’ आणि त्याच्याच अंगावर एक उलटा. अक्षर १८० अंशांत फिरवलं तरी नक्षी तीच पडते, त्यामुळे बिचारा संगणक दोन्हींना धरून बसला होता.

“अहो, बेडूक छान आलाय,” बायको म्हणाली.

तुम्हाला हौस असेल तर लेसर कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका आणि सुरुवात गोल शून्यापासून करा. ते उलटं आलं तरी घरात कुणाला कळत नाही.