नाव कुठं घातलं?

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही. पण केला त्यानं मुलीच्या बापाला विचारलं नव्हतं एवढं नक्की. आमची लेक पुण्याला असते. तिच्या घराजवळच्या इस्पितळांत म्हणे दाराशी कुणीतरी नमस्कार करून सरबत देतं. ते सगळं सोडून ओटी भरल्यावर ती नंदुरबारला आली, आणि इस्पितळ शोधायचं काम आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं. या विषयातला आमचा शेवटचा अनुभव खुद्द तिच्या जन्माचा. तेव्हा नंदुरबार जिल्हाही नव्हता, धुळ्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. लेक त्याच्या आधीची. मी जिल्ह्यापेक्षा मोठी आहे, असं ती शाळेत ऐटीत सांगायची.

ती आली त्या संध्याकाळपासून गल्लीत एकच प्रश्न सुरू झाला. नाव कुठं घातलं? अजून घातलं नाही म्हटलं की समोरची बाई खुर्ची ओढून बसायची. प्रत्येकीचं एक इस्पितळ ठरलेलं. जिचं जिथं सुखरूप झालं ते तिच्या लेखी जिल्ह्यात पहिलं. जिला जिथं टाके दुखले ते पहिल्या पावसात पडायला झालेलं. एक डॉक्टरीणबाई हाताच्या हलक्या, दुसऱ्या तोंडाच्या जड. एकीकडे आया चांगल्या आहेत पण जिना आहे, दुसरीकडे जिना नाही पण आयाही नाहीत. एका मावशींनी तर आवाज खाली आणून सांगितलं, अमुक ठिकाणी घाला, तिथं मुलगेच होतात. त्या अमुक ठिकाणी मी जाऊन आलो. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. १९९४च्या कायद्यानं ती पाटी आली, पण मावशींच्या गणिताला कुठला कायदा लागू करणार? मी त्या इस्पितळावर मनातल्या मनात काट मारली. इस्पितळाचा त्यात काही दोष नव्हता.

शेजारच्या आजींना या साऱ्या धावपळीचंच नवल वाटत होतं. "आमना टाइमले काय व्हतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या टाइमले दाई होती, अंधारी खोली होती, खाटेखाली शेगडी होती. मीही तसाच जन्मलो. माझ्या वडिलांना इस्पितळ निवडावं लागलं नाही. त्यांना फक्त ओसरीवर येरझाऱ्या घालायच्या होत्या, आणि त्या त्यांनी चोख घातल्या असं आत्या सांगायची. आजींची किती मुलं जगली हे मात्र त्या वाक्यात कधी येत नसे. एकदा लेकीनं विचारलं, तेव्हा त्या बोटांवर मोजू लागल्या, मध्येच थांबल्या, आणि मग अळिवाच्या लाडवांकडे वळल्या.

पुण्याहून जावईबापूंनी लॅपटॉपवर एक तक्ता करून पाठवला. आडवे रकाने, उभे रकाने. अंतर, खाटा, स्वतंत्र खोली, एसी, पार्किंग, कँटीन, जनरेटर, वायफाय. प्रत्येकाला दहापैकी गुण देऊन बेरीज करायची होती. ज्याचे गुण जास्त तिथं नाव घालायचं. मुलगा सज्जन आहे आणि काळजीपोटी करतो, म्हणून मीही इमानेइतबारे पेन घेऊन निघालो. पार्किंगला सगळीकडे शून्य द्यावं लागलं. नंदुरबारात गाडी लावायला जागा नसते असं नाही, पण जिथं जागा असते तिथं आधीच कुणाची तरी म्हैस उभी असते.

आमच्या घरच्यांनी या तक्त्यात आपला एक रकाना वाढवला. वारा. बाहेरच्यांना हे कळायचं नाही. आमचं गाव मिरचीचं. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, लांबून पाहिलं तर जमिनीनं कुंकू लावल्यासारखं दिसतं, आणि वारा फिरला की अख्ख्या वस्तीला ठसका लागतो. आम्हाला त्याची सवय आहे. पुण्याहून आलेल्या, नववा लागलेल्या, फोडणीच्या वासानंही उठून जाणाऱ्या मुलीला ती नाही. तेव्हा प्रत्येक इस्पितळात शिरल्यावर हिनं आधी खिडकी उघडून बाहेर हुंगायचं आणि मग डॉक्टरांची चौकशी करायची. एका ठिकाणच्या सिस्टरनं विचारलं, काय बघताय काकू? ही म्हणाली, पथारी कोणत्या अंगाला आहे ते. सिस्टर गावचीच असावी. तिनं लगेच हात करून दिशा दाखवली आणि म्हणाली, तीन नंबरची खोली घ्या, तिकडं येत नाही.

गावातल्या मोठ्या लोकांचा सल्ला वेगळा. ते म्हणाले, सुरत. आमच्याकडे कुठलाही प्रश्न जरा अवघड झाला की सुरत. लग्नाचा बस्ता सुरतेचा, मोठं ऑपरेशन सुरतेला, कामधंदा सुरतेला. ताप्तीच्या लाइनीवर गाडीत बसलं की तीनेक तासांत पोहोचतो. यावर आमच्या एका निवृत्त स्नेह्यांनी गंभीर शंका काढली. वाटेत नवापूर आहे. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधूनच सीमा जाते. गाडी तिथं थांबली आणि बाळ तिथंच झालं, तर जन्मदाखला कुणी द्यायचा? आणि बाळाचं डोकं या राज्यात, पाय त्या राज्यात असं झालं तर? हसून हसून लेकीच्या पोटात कळा यायच्या, म्हणून तो विषय तिथंच थांबवला.

पण सुरतेचं नाव निघालं की मला रखमाबाई आठवतात. लहानपणी झालेलं लग्न मानायला नकार देऊन कोर्टाला तोंड देणाऱ्या डॉ. रखमाबाई. १८८०च्या दशकात तो खटला गाजला. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकल्या, परत आल्या आणि सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. बरीच वर्षं तिथं काढली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. इस्पितळ होतं, डॉक्टर होती, खाटा होत्या, पण बाळंतपणाला बाई काही येईना. इस्पितळात माणूस मरायला जातो, बाळंत व्हायला कोण जातं? तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणली. तिला इस्पितळात ठेवलं, तिची देखभाल केली, ती व्याली, पिल्लासकट धडधाकट बाहेर गेली. ते पाहून मग हळूहळू बायका येऊ लागल्या. मुंबईच्या शहाण्या घरातली, विलायतेत शिकलेली डॉक्टर, आणि तिची जाहिरात करायला एक शेळी. मला यात त्या बायकांचं अडाणीपण कधी दिसलं नाही. त्यांनी पदवी पाहिली नाही, इमारत पाहिली नाही. आत गेलेलं जित्राब बाहेर कसं येतं ते पाहिलं. जावईबापूंच्या तक्त्यात हा रकाना नव्हता.

मधल्या काळात लेकीला भीती होती ती सिझरची. ती आकडे घेऊनच बसली होती. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी इस्पितळांतली शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणं सिझरनं झालेली, सरकारी ठिकाणी चौदा. आपल्या राज्यात सगळं धरून चारातलं एक. हे ऐकून आजी म्हणाल्या, मग सरकारीत घाला की. पण त्याच आकड्यांना दुसरी बाजू आहे, सिझर लागतं तेव्हा ते लागतंच, आणि तेव्हा ते करणारं माणूस जागेवर लागतं. तारखेचंही तसंच. शेवटच्या पाळीपासून नऊ महिने सात दिवस मोजून डॉक्टर तारीख देतात. आम्ही ती कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केली, नातेवाइकांनी रजा टाकल्या. खरं तर त्या नेमक्या तारखेला शंभरात चार-पाचच बाळं येतात. बाकीची आपल्या सोयीनं येतात. हे सांगितल्यावर जावईबापूंनी तिकीट बदललं, आणि दोन दिवसांनी पुन्हा होतं तेच ठेवलं.

महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी ठिकाणी गरोदर बायांची मोफत तपासणी असते. २०१६पासून हा नेम आहे. लेक म्हणाली, तेही बघू. गेलो. आधार मागितलं. या जिल्ह्यात आधार मागायचा हक्क सरकारला आहेच म्हणा, कारण देशातली पहिली आधार कार्डं आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटली होती, २९ सप्टेंबर २०१०ला. गर्दी खूप होती. खर्चाचा विषय नव्हता : २०११पासून सरकारी बाळंतपणाला पैसा लागत नाही, सिझर असलं तरी, औषध, रक्त, जेवण, न्यायला-आणायला गाडी, सगळं त्यात. नॉर्मल झाली तर तीन दिवस जेवण, सिझर झालं तर सात. आता इथं सरकारी मेडिकल कॉलेजही आहे, तेव्हा पांढऱ्या कोटातली पोरं घोळक्यानं हिंडतात आणि आपल्याच पोरांसारखी गोंधळलेली दिसतात.

बाकड्यावर आमच्या शेजारी एक सासूबाई बसल्या होत्या, सुनेला घेऊन. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरच्या. बोली त्यांची पावरी, मराठी मोडकी, माझं पावरीचं ज्ञान त्याहून मोडकं, पण बाळंतपणाच्या गप्पांना भाषा फार लागत नाही. त्या विचारत होत्या, तुमचं घर किती लांब? मी म्हटलं, रिक्षानं पंधरा मिनिटं. त्यांनी लेकीच्या पोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, मग आत्तापासून कशाला हिंडता?

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्याकडे इस्पितळ कोणतं हा प्रश्न नसतो. निघायचं कधी हा असतो. पाड्यापासून रस्त्यापर्यंत बांबूला झोळी बांधून चौघांनी खांदा द्यायचा, मग जीप किंवा १०८, मग चांदसैलीचा घाट, आणि पावसाळ्यात त्या घाटात दरड कधी उतरेल ते सातपुड्यालाच ठाऊक. नर्मदेकाठी तर बोट. तिथं तरंगता दवाखाना पाण्यावरून फिरतो. सरकारनं डोंगरातल्या आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं काढली आहेत. दिवस भरत आले की बाईनं सोबतीच्या माणसाला, लहानग्याला घेऊन आधीच तिथं येऊन राहायचं, जेवणखाण तिथंच. योजना कागदावर अगदी शहाणी आहे. पण त्या सासूबाईंनी शांतपणे विचारलं, शेळ्यांना कोण बघणार? आणि दुसरं पोर? आणि नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेला असला तर सोबतीला कोण? माझ्या हातात जावईबापूंचा तक्ता होता. एसी, पार्किंग, वायफाय. मी तो घडी करून खिशात टाकला. एरवी मी एवढा संकोची नाही.

त्या सुनेला त्या दिवशी ठेवून घेतलं. रक्त कमी होतं. सासूबाई पिशवी उचलून तिच्या मागे गेल्या, जाता जाता आमच्या लेकीच्या गालावरून हात फिरवून.

शेवटी निवड लेकीनंच केली, आणि तिनं ती तिच्या पद्धतीनं केली. ती प्रत्येक डॉक्टरांना तेच चार प्रश्न विचारत होती. रात्री दोनला इथं कोण असतं? भूल द्यायला कोण येतं, कुठून येतं? रक्त लागलं तर? बाळाला काचेत ठेवावं लागलं तर? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळालं : काही काळजी करू नका. एका ठिकाणी तर तिच्याऐवजी मला सांगितलं, काळजी करू नका, जणू कळा मलाच येणार होत्या. एका जुन्या, जरा अंधाऱ्या इस्पितळातल्या बाईंनी मात्र चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, रात्री मी वरच राहते, सिस्टर खाली असते. भूलवाले बाहेरून येतात, वीस मिनिटं धर. रक्त ब्लड बँकेतून. तुझा गट आधीच कळवून ठेवू, आणि घरातली देण्यासारखी दोन माणसं सांगून ठेव. काच माझ्याकडे नाही. गरज लागली तर सिव्हिलला पाठवीन, तिथली सोय माझ्यापेक्षा चांगली आहे, तिथल्या डॉक्टरांना मी ओळखते. आणि तुझी वाट बघण्यासारखी आहे तोवर मी बघीन. नंतर ऐकणार नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, अगं, इथं तर निम्म्या गोष्टी नाहीतच. लेक म्हणाली, बाबा, बाकीच्यांकडे सगळ्या आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं? हिनं तोवर खिडकी उघडून पाहिली होती. वाराही बरा होता.

नाव घातलं. शंभर पानी वहीत, निळ्या शाईनं, आमच्या देखत. रिक्षावाल्या भाच्याला नंबर देऊन ठेवला, रात्री फोन बंद करायचा नाही अशी ताकीद दिली. बॅग भरली, ती हिनं उपसून पुन्हा भरली. मग सगळं ठरल्याचं कळवायला विहीणबाईंना फोन लावला. त्यांनी इस्पितळाचं नाव दोनदा विचारलं, डॉक्टरीणबाईंचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, माहेरचं आडनाव विचारलं, आणि थोडं थांबून म्हणाल्या, "थांबा हं. आमच्या नणंदेची जाऊ तिकडचीच आहे शहाद्याची. तिला विचारून सांगते."